कोरडे मॅडम

परवा आमच्या बाथरूममध्ये कंडिशनरची मोठी बाटली पडली, टोपण उडालं आणि पांढरा गोळा फरशीभर पसरला. नवरा कधी नव्हे तो तत्परतेनं बादलीत तांब्या बुडवून धावत आला. मी ओरडले, "पाणी नको! आधी कोरडं उचल!" आणि ओरडल्यावर माझी मीच दचकले, कारण ते शब्द माझे नव्हते. नवरा तांब्या धरून तसाच उभा. "अगं, कंडिशनर सांडलंय, अ‍ॅसिड नाही," म्हणाला. मी जुन्या वर्तमानपत्रांनी सगळं निपटून घेतलं, सुक्या फडक्यानं दोनदा पुसलं, आणि मगच त्याच्या तांब्याला परवानगी दिली. राहेल साळवे मॅडम आमच्या घरात येऊन गेल्यासारखं वाटत होतं.

मॅडम जिवंत आहेत, हे आधी सांगून टाकते. श्रीरामपूरला भावाकडे असतात. फोन केला तर उचलतात, माझ्या मुलीची परीक्षा, उन्हाळा, पाण्याचे टँकर असलं बोलतात आणि ठेवून देतात. पण एका संध्याकाळी एका गावात मी त्यांचा निरोप घेतला, त्यानंतर त्या आमच्या कंपनीत परत आल्या नाहीत आणि मला दिसल्याही नाहीत. राजीनामा आला तो भावाच्या हाती.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत आहे. शहराच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' म्हणूनच ओरडतो, तेव्हा मीही तेच म्हणते. तिथे शाम्पू आणि कंडिशनर बनतं आणि दुसऱ्यांच्या नावाच्या बाटल्यांत भरलं जातं. मी प्रयोगशाळेत, माल तपासायला. मॅडम मिक्सिंग विभागाच्या प्रमुख. उंच, हडकुळ्या, केस कायम राठ आणि मानेवर घट्ट बांधलेले. जन्मभर दुसऱ्यांचे केस मऊ करणाऱ्या बाईचे स्वतःचे केस काथ्यासारखे का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "हलवायाला पेढे खाताना बघितलंयस का कधी?" म्हणाल्या, आणि माझ्या हातातला नमुना घेऊन गेल्या.

कंपनीत त्यांना सगळे 'कोरडे मॅडम' म्हणत. नवीन लागलेल्या माणसांना ते त्यांचं खरं आडनाव वाटे. एकदा तर कुरिअरचं पार्सल त्याच नावानं आलं आणि मॅडमनी काही न बोलता सही करून घेतलं. नाव पडलं त्याचं कारण एक पावडर.

कंडिशनरमध्ये ही पावडर पडते. तिचं खरं नाव इतकं लांब आहे की ड्रमच्या लेबलावर एका ओळीत मावत नाही, म्हणून सगळे तिला 'पॉली' म्हणतात. ओल्या केसाला ती जाऊन चिकटते, केसावर पातळ थर धरते, मग कंगवा अडकत नाही. तशी ती काही विषारी नाही. धूळ उडाली तर डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो, म्हणून चष्मा आणि मास्क लावायचा. नाल्यात जाऊ द्यायची नाही, पाण्यातल्या माशांना ती बाधते. एवढं पाळलं की झालं. पण तिचा खरा स्वभाव जमिनीवर कळतो. कोरडी सांडली तर मैद्यासारखी गरीब. तिच्यावर पाणी पडलं की मात्र फरशीवर असा बुळबुळीत थर धरते की माणसाचा पाय ठरत नाही. आणि तो थर दिसत नाही, फरशी नुसती ओली दिसते.

म्हणून मॅडमचा नियम होता: आधी कोरडं झाडायचं, मग लाकडाचा भुसा पसरायचा, तो भुसा उचलून बंद ड्रममध्ये टाकायचा, आणि सगळ्यात शेवटी पाणी. आपल्याकडे काही सांडलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. घरोघरी तीच सवय. ती सवय मोडायला मॅडम दिवसभर विभागात "कोरडं, कोरडं" करत फिरत. प्रत्येक कोपऱ्यात भुशाचं पोतं. वखारवाल्यानं एकदा आमच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, "तुमच्यात शाम्पू बनतोय का कोंबड्या पाळल्यात?"

नवीन ऑपरेटर घेताना मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पिठलं करता येतं का?" समोरचा गडबडून जाई. आयटीआय करून आलेला माणूस, कागदपत्रं सांभाळून बसलेला, त्याला मोटारीबद्दल विचारतील असं वाटत असे. एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्यात बाया करतात." मॅडम म्हणाल्या, "मग इथं ड्युटीला कोण येणार, तू का तुझी बाई?" आणि त्याला धरून कँटीनमध्ये नेलं, कढईत पाणी ठेवलं, बेसन हातात दिलं. त्यानं बेसन एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या. "हेच पॉलीचं होतं," मॅडम म्हणाल्या. "गार पाण्यात, ढवळणी चालू ठेवून, चिमटीनं भुरभुरवत सोडायची. गुठळी झाली की टाकी वाया, आणि घाईत पोतं उपडं केलंस की अर्धी पावडर जमिनीवर." त्या माणसाला त्यांनी तीन वेळा पिठलं करायला लावलं. शेवटचं चांगलं झालं आणि आम्ही सगळ्यांनी ते भाकरीबरोबर खाल्लं. पुढे त्याच्या बायकोनं मॅडमना साडी नेसवली होती.

हे सगळं मजेचं. पण मॅडमच्या काही गोष्टींची मला भीती वाटे. कुठल्याही दारातून आत जाताना त्या उंबऱ्यावर थांबत, बुटाचं टोक फरशीवर घासून बघत आणि मग पाय टाकत. कंपनीत ठीक आहे. पण लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्यात, त्यांच्या चर्चमध्येसुद्धा तेच. आणि दुसरी गोष्ट अशी, की दाराशी कुणी उभं राहून "येऊ का?" म्हटलं, तर त्या कधी 'या' म्हणत नसत. हातातलं टाकून उठत, दारापर्यंत येत, खाली बघत आणि माणसाला दंडाला धरून आत नेत. मला आधी वाटलं, मोठ्या पदाचा तोरा असेल. मग एकदा केडगावला त्यांच्या घरी गेले. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दाराशी "येऊ का, मॅडम?" म्हटलं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मॅडम धावत बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडलेला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "तू होय," म्हणाल्या आणि हात धरून आत घेतलं.

विभागातले बबनराव हे सगळ्यांत जुने ऑपरेटर. त्यांची जीभ सैल. ते म्हणायचे, "बाराखडीत 'या' शिकवला त्या दिवशी मॅडम गैरहजर हुत्या." आम्ही हसायचो. मॅडमही हसायच्या, पण त्यांच्या हसण्यात काही जीव नसे.

मी लागल्यानंतरची पहिली खंडेनवमी आली. कारखान्यात तो मोठा दिवस. यंत्रं धुऊन-पुसून त्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात. आदल्या दिवशी दुपारी माणसांनी पाण्याचा पाइप ओढून आणला, तर नळाला पाणी नाही. मॅडमनी मिक्सिंगकडे जाणारी पाण्याची चावी बंद केली होती आणि तिची दांडी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती.

"आज झाडू आणि भुसा. पाणी उद्या सकाळी, तेही मी बघितल्यावर," त्या म्हणाल्या.

गलका झाला. बबनराव पुढे आले. "मॅडम, वर्सातनं एक दिस मशिनीला आंगूळ घालतो आमी. तेला बी तुमी आडव्या येनार?"

"अंघोळ घाला ना. आधी कोरडं होऊ द्या."

"खरं सांगू का? तुमी पडल्या ख्रिस्ती. तुमाला आमचा सन खुपतो. तुमच्या चर्चमधी तुमी काय बी करा, आमी आलोय का बोलायला?"

बोलून गेल्यावर बबनरावांनाही ते जास्त झाल्याचं कळलं असावं, पण माणसांसमोर माघार घेता येईना. मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं आता त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "बबनराव, तुमचा एक बूट काढून द्या."

विभागातून गोदामाकडे ढकलगाडीसाठी एक उतार आहे, अगदी बेताचा, लहान मूलही पळत चढेल इतका. मॅडमनी उतारावर पॉलीची चिमूटभर पावडर भुरभुरवली आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी वर शिंपडलं. थोडं थांबल्या. मग बबनरावांचा जाड तळव्याचा बूट वरच्या टोकाला ठेवला आणि हात काढून घेतला. बूट क्षणभर थांबला. मग आपोआप खाली निघाला. कुणी ढकललं नाही, वारा नाही, रिकामा बूट संथपणे उतारावरून चालत गेला आणि गोदामाच्या भिंतीला टेकून थांबला.

बबनराव एका पायात मोजा घालून उभे होते. "झाडू आना रं," एवढंच म्हणाले. त्या दुपारी विभाग आधी झाडला गेला, मग भुशानं पुसला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रांना पाणी लागलं. पूजा थाटात झाली. आरतीला मॅडम कुठे दिसल्या नाहीत, म्हणून मी शोधायला गेले. कँटीनच्या मागच्या जिन्यावर त्या बसल्या होत्या.

"बबनरावांचं मनावर घेऊ नका," मी म्हटलं.

"बबनराव बरोबर बोलले," त्या म्हणाल्या. "ते तसं म्हणतील या भीतीनंच मी एक माणूस घालवलाय."

मग त्यांनी सांगितलं.

"मी नोकरीला लागले तो कारखाना दुसरा. आता बंद पडलाय. तिथे अधिकाऱ्यांत मी एकटी बाई आणि एकटी ख्रिस्ती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला वाटलं, आपण पुढं होऊन काही केलं नाही तर म्हणतील, हिला आपल्या पूजेचं काय? म्हणून मीच हुकूम सोडला. सगळा मजला धुऊन काढा, आरशासारखा दिसला पाहिजे. सकाळीच पॉलीचं पोतं फाटलं होतं. वरवर झाडलेलं होतं. मला माहीत होतं, सुषमा. पावडर पाण्यात काय करते तेही माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या वेळी मला फक्त चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. फरशी चकचकीत झाली. मी टाकीजवळ उभी राहून खूश होऊन बघत होते. तेवढ्यात भानुदास आला. आमचा हेल्पर. दोन्ही हातांवर झेंडूचे हार. ओल्या फरशीवर पाय कसा द्यायचा म्हणून दाराशी थांबला आणि म्हणाला, मॅडम, येऊ का? मी म्हटलं, या."

खालून आरतीचा आवाज येत होता. मॅडम मग म्हणाल्या, "हात मोकळे असते तर कशाला तरी धरलं असतं त्यानं. टाकीच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं. जागीच गेला."

मला वाटलं संपलं. पण मॅडमचं खरं दुखणं पुढे होतं.

"तिथल्या साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, तो प्यायला होता असं सांगायचं. सणाचे दिवस, लगेच पटलं सगळ्यांना. त्याची बायको आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. मी तिथेच उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं सुद्धा, मी बाईमाणूस म्हणून असेल. मी काही बोलले नाही."

"पीत होते का ते?"

"सुपारीही खात नव्हता." मग त्या म्हणाल्या, "लोक विचारतात, मेलेली माणसं स्वप्नात येतात का. हा स्वप्नात कधी येत नाही. दाराशी येतो, भर दिवसा. कुणीही दारात उभं राहिलं ना, की पहिल्यांदा तोच असतो. हात भरलेले. मग जवळ जाऊन बघावं लागतं."

मला त्यांची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. मी म्हटलं, "मग त्या बाईंना जाऊन सांगत का नाही?" त्या म्हणाल्या, भानुदासचं गाव वाटेवरच आहे, श्रीरामपूरच्या अलीकडे. आईला भेटायला जाताना दर वेळी लागतं. कितीदा तरी तिथे उतरले. फाट्यावर उभी राहते, गावाकडे जाणारा रस्ता बघते आणि पुढच्या गाडीनं निघून जाते. "ती बाई अजून तेच खरं धरून बसली असेल," म्हणाल्या. "मला ते मोडायला पाहिजे. पण तिच्या दाराशी जाऊन येऊ का म्हणायची माझी छाती होत नाही."

नंतरच्या काळात आम्ही त्यावर बोललो नाही. पण मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. श्रीरामपूरहून आल्या की माझ्याकडे बघत आणि मान हलवत. नाही जमलं, असा त्याचा अर्थ. आई वारली तेव्हासुद्धा, मातीहून परतताना फाट्यावर उतरल्या होत्या म्हणे. काळ्या साडीत तशाच उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मॅडम खंगत चालल्या होत्या. फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज आला की हातातली वस्तू पडायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवीन माणसं घ्यायची होती. मी मॅडमच्या केबिनमध्ये नमुन्यांचं काम घेऊन बसले होते. दाराशी आवाज आला, "मॅडम, येऊ का?" मॅडम नेहमीसारख्या उठून दाराशी गेल्या. आणि तिथेच थांबल्या. पाय बघितले नाहीत, दंडाला धरलं नाही. नुसत्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. दारात पंचविशीचा एक तरुण उभा होता, शर्ट खोचलेला, हातात फाइल. मला वाटलं, मॅडम पडतील. मी उठून त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यालाही बसायला सांगितलं.

पिठल्याचा प्रश्न आला नाही. मॅडमनी नाव विचारलं, गाव विचारलं. त्यानं अक्षय म्हणून सांगितलं, आणि फाट्यावरचं तेच गाव सांगितलं. मग मॅडमनी अगदी खोल आवाजात विचारलं, "वडील?"

तो जरा सावरून बसला. हे विचारणार हे त्याला माहीत असावं, कारण उत्तर पाठ होतं. "वारले, मॅडम. मी लहान हुतो. दारू पिऊन कंपनीत पडले. पन माजं तसं काय न्हाई. मी कसलीच नशा करत न्हाई. माळावरल्या पोरांत बी बसत न्हाई. तुमी गावात कुनालाबी इचारा."

समोर बसलेल्या बाईकडे तो बापाच्या वतीनं माफी मागत होता. मला रडू आलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं. मॅडम रडल्या नाहीत. "तुझं काम झालं," म्हणाल्या. "आई घरी असते का?"

"असती की."

"मी येते तिला भेटायला. तू आधी काही सांगू नकोस."

तो गेल्यावर मला म्हणाल्या, "सुषमा, तू बरोबर चल. मी फाट्यावरून मागे वळले तर मला वळू देऊ नकोस."

आम्ही दुपारच्या एसटीनं निघालो. राहुरी मागे पडली. पुढे ऊस लागला, तशा मॅडम साडीचा पदर पिळायला लागल्या. फाट्यावर उतरलो. त्या थांबल्या. मी त्यांचा हात धरला आणि चालायला लागले, आणि त्या आल्या. त्यांना ओढावं लागलं नाही.

अक्षयच्या आईचं, कमलबाईंचं घर गावाच्या कडेला. पुढे शेड, शेडमध्ये दोन गाई. बाई वैरण टाकत होत्या. काळ्यासावळ्या, बुटक्या, मनगटं जाड. आम्हाला बघून हात पुसत पुढे आल्या.

"कोन म्हनायचं?"

"मी साळवे. भानुदास जिथे कामाला होते तिथे मी अधिकारी होते."

बाईंचा चेहरा मिटला. "तेंचं नाव नका काडू हितं. दुसरं काय काम आसंल तर बोला."

"तेच काम आहे," मॅडम म्हणाल्या. आणि उभ्या उभ्याच सांगितलं, जिन्यावर मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. पावडर सांडलेली होती. मी पाणी मारायला लावलं. त्यावरून ते घसरले. मीच त्यांना आत बोलावलं. ते प्यायले नव्हते. साहेब खोटं बोलले आणि मी गप्प बसले.

कमलबाईंना पहिल्यांदा समजलंच नाही. "प्याले नव्हते म्हंजी?"

"नव्हते."

"थोडी बी न्हाई? वास बी नव्हता?"

"झेंडूचा वास होता," मॅडम म्हणाल्या.

कमलबाई खाली बसल्या. गाईच्या पायाशी, वैरणीवर. मला वाटलं आता शिव्या देतील, मातीचं ढेकूळ फेकून मारतील. मॅडम त्याच्यासाठीच आल्या होत्या, असं मला त्यांच्या उभं राहण्यावरून वाटलं. पण बाई कितीतरी वेळ वैरणीची काडी मोडत राहिल्या.

"मी तेंच्यासाटी रडले बी न्हाई," शेवटी म्हणाल्या. "सासू म्हनली, दारूपायी मेला, तेला काय रडतीस. मग न्हाईच रडले. भाऊबंद म्हनले तसंच मी बी म्हनत गेले. पोराला येताजाता म्हनायचे, बापावर जाऊ नगं. फोटू बी लावला न्हाई घरात. देवाच्या मानसाला मी येवडी वर्सं श्या दिल्या." मग त्यांनी वर बघितलं. "तुमाला हाच रस्ता घावला न्हाई व्हय येवडी वर्सं?"

"सापडला होता," मॅडम म्हणाल्या. "फाट्यापर्यंत येत होते."

"फाट्यापत्तूर!" कमलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि ते रागाहून वाईट वाटलं. मॅडमनी हात जोडले. "मला माफ करा असं म्हणायला मी आलेली नाही," म्हणाल्या. "तुम्हाला खरं कळावं म्हणून आले."

"मला कळून काय उपेग? मी कुनाला सांगू? म्हनतील, पोराचं लगीन जमवायचंय म्हनून बाईनं आता नवऱ्याला धुऊन काडला." कमलबाई उठल्या. लुगड्यावरची वैरण झटकली, डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि दुधाची बरणी उचलली. "चला माज्यासंगं. दूध घालायची येळ झाली. समदं गाव आसतं तितं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती, हे मी स्पष्ट बघितलं. मग त्या कमलबाईंच्या मागे चालायला लागल्या.

दूध संकलन केंद्र मारुतीच्या देवळापलीकडे आहे. पत्र्याची शेड, वजनाचा काटा, रांगेत बरण्या आणि कॅन, पुरुष गप्पा मारत उभे, बाया एका बाजूला. कमलबाईंनी रांगेत नंबर लावला नाही. सरळ काट्यापाशी गेल्या आणि बरणी खाली आदळली. "जरा थांबवा ते माप. ह्या बाई आमच्या ह्यांच्या कंपनीतल्या हायेत. तेंना काय सांगायचंय, ते ऐका."

सगळे वळून बघायला लागले. मॅडम काट्याजवळ उभ्या. मग म्हणाल्या, "भानुदास प्यायलेले नव्हते." पुढचं सांगितलं. आवाज मध्येच बसत होता. जुनी माणसं जवळ सरकली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हनत्यात त्या?"

"मोठ्यानं बोला, मॅडम," कमलबाई म्हणाल्या. "मागं ऐकू गेलं न्हाई."

मॅडमनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मी फरशी धुवायला लावली. मी त्यांना या म्हटलं. मी खोटं ऐकून गप्प बसले. म्हाताऱ्याशेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, "आन आमी तेच्या तिरडीला खांदा द्यायला किती का-कू केलं."

नगरला जाणारी शेवटची गाडी यायची वेळ झाली होती. घरी मुलगी एकटी होती. मी मॅडमच्या जवळ जाऊन म्हटलं, "निघायला हवं." त्यांनी मला ओळखलं नसावं तसं बघितलं. "तू जा," म्हणाल्या. "अजून माणसं यायचीत."

त्या दिवशी एसटी फाट्यावर न थांबता गावात येऊन वळली आणि मी तिथेच चढले. खिडकीतून मला शेड दिसली. दूध घालून लोक घरी गेले नव्हते. तेवढ्यात दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली एक मोटारसायकल वस्तीकडून आली. कमलबाईंनी पुढे होऊन हात आडवा घातला, गाडी थांबवली आणि त्या माणसाला दंडाला धरून मॅडमपुढे आणून उभं केलं. मॅडमनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.